नऊ नंबरची बेल

काम तसं साधं होतं, म्हणूनच ते माझ्याकडे आलेलं.

आमची ठाण्याची कंपनी छोट्या हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंटने उशाजवळची बेल दाबली की सिस्टरच्या टेबलावर कॉटचा नंबर दिसतो. या बेलचा जुना कोड सहा वर्षांपूर्वीच बाद ठरवलेला. सगळी हॉस्पिटलं नव्यावर गेलेली. तो आता काढून टाकायचा होता. पण आमची टीम लीड आसावरी घाई करू देईना. मागच्या वर्षी अशाच साफसफाईत एका वॉर्डातल्या बेल तासभर मुक्या झालेल्या, ते ती विसरली नव्हती. आधी तिने माझ्याकडून प्रत्येक हॉस्पिटलच्या चाचण्या लिहून घेतल्या. मग जुन्या कोडमध्ये एकच ओळ घालायला लावली, एखाद्या बेलने त्याला हाक मारलीच तर नोंद व्हावी म्हणून. पंधरा दिवस वाट बघू, म्हणाली.

चौदा दिवस नोंदीचं पान कोरं राहिलं. पंधराव्या दिवशी सकाळी अकराला मी कोड काढायलाच बसलेले, तेव्हा तिथे एक ओळ उमटली. ठाकुर्लीचं एक हॉस्पिटल. कॉट नऊ.

मी तिथे फोन लावला. विमलाबाई नावाच्या आयाने उचलला. नऊ नंबर जुन्या वॉर्डात आहे, तो वॉर्ड दोन वर्षं बंद आहे, गाद्या ठेवतात तिथे, असं घाईघाईत सांगून तिने फोन ठेवला. तोवर आणखी दोन ओळी आलेल्या. कॉट नऊ. कॉट नऊ.

मी आसावरीला बोलावून स्क्रीन दाखवली.

"काढू नकोस," ती म्हणाली. "आधी जाऊन बघ, कोण बोलावतंय."

मी पोचले तेव्हा हॉस्पिटलात धावपळ चाललेली. दौलतकाका नावाचे एक वयस्क पेशंट सकाळपासून सापडत नव्हते. कंटाळून घरी निघाले असतील म्हणून माणसं त्यांना रिक्षास्टँडवर शोधत होती. विमलाबाईला माझ्यासाठी वेळ नव्हता, तरी मी हटेना म्हणून तिने किल्ली घेतली.

कुलूप निघालं. भर दुपारी आत अंधार होता. फिनेल आणि कुबट कापसाचा वास. भिंतीला छतापर्यंत रचलेल्या गाद्या. नऊ नंबरच्या कॉटमागे बेलची वायर कापलेली, टोकाला टेप गुंडाळलेली आणि टेपवर धुळीचा थर.

नोंदीचं पान मी मोबाइलवर उघडं ठेवलेलं; हातातला मोबाइल थरथरला. कॉट नऊ.

"मावशी... बेल... आत्ता वाजली..."

विमलाबाईने माझं मनगट घट्ट धरलं. त्या शांततेत कुणाचा तरी श्वास ऐकू आला. तुटक, घरघरता. गाद्यांच्या मागून.

दौलतकाका तिथे पडले होते. सकाळी गाद्या काढायला दार उघडलेलं, तेव्हा ते चुकून आत शिरले आणि बाहेरून कुलूप लागलं. खुबा मोडलेला, आवाज गेलेला. अजून दोन तास गेले असते तर हाती लागले नसते, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

ती वायर कशालाच जोडलेली नव्हती, इलेक्ट्रिशियनने दोनदा तपासलं. त्या दिवसापासून पान पुन्हा कोरं. चाचण्या सगळ्या पास होत होत्या. तरी महिनाभर माझा हात डिलीटवर जाईना.

मग एकदा मी दौलतकाकांना भेटायला गेले. वॉकर घेऊन ते कॉरिडॉरमध्ये चालत होते, सुनेला दाखवत होते की बघ, कालपेक्षा चार पावलं जास्त. मला पाहून हसले, बाकावर टेकले आणि हळूच म्हणाले, "त्या बाई माझ्याजवळच बसून होत्या. पाठ थोपटत होत्या. सारखं म्हणायच्या, बेल दाबलीय, येतील आता."

"कोण बाई, काका?"

"नाव नाही विचारलं. तुझ्यासाठी निरोप दिलाय त्यांनी... म्हणाल्या, त्या पोरीला सांगा, आता काढलंस तरी चालेल."

त्याच दिवशी मी जुना कोड काढला. आजपर्यंत एकाही हॉस्पिटलात एकही बेल चुकलेली नाही.

पण मी काय काढायला बसले होते, हे त्या हॉस्पिटलात मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.