बुरुजावरच्या बाराजणी

"बाराजणी बाहेर? अख्ख्या हंगामातून?"

ऋता एवढ्या जोरात ओरडली की बनारसच्या राजा घाटाच्या पायरीवर ऊन खात बसलेली बकरी उठून चालायला लागली.

"अगं, हळू! रत्नाकरकाका ऐकतील," कुणाल म्हणाला.

"ऐकू देत! मी काय चोरून बोलतेय?"

भाऊबीज होऊन गेली होती. सुट्टीचे तीनच दिवस उरले होते. ते पतंग, नाव आणि कचौडी यांत घालवायचे, असा तेरा वर्षांच्या ऋताचा, तिच्याहून वर्षाने धाकट्या कुणालचा आणि शेजारच्या दहा वर्षांच्या बकुळचा पक्का बेत होता. तालमीच्या खोलीच्या दारावर चिकटवलेल्या कागदाने तो उधळला.

कागदावर वृंदगान मंडळाचा नवा हंगाम छापला होता. रविवारी सूर्योदयाला राजा घाटावर पहिला कार्यक्रम. मार्गशीर्षात फक्त बायकांच्या आवाजांची मैफल. वसंतपंचमीला शाळाशाळांतल्या मुलांबरोबर गाणं, फाल्गुनात होरी आणि चैत्रात समारोप. वाचूनच तोंडाला पाणी सुटावं असा हंगाम! आणि सगळ्यात खाली, पेनने लिहिलेली एक ओळ : 'बुरुजावरची रांग यंदा गाणार नाही. कारण, लय सुटते.'

बुरुजावरची रांग म्हणजे बाराजणी. त्यांच्या पुढारी अन्नपूर्णाकाकू, वय त्र्याहत्तर. रेल्वेच्या पार्सल कचेरीत नोकरी करून, संध्याकाळी स्वयंपाकघरात चार बायकांना जमवून त्यांनी हे मंडळ सुरू केलं, त्याला एकतीस वर्षं झाली. आता मंडळात साठ माणसं गातात. माईक नाही, भोंगा नाही. साठ गळे एकदम 'सा' लावतात तेव्हा नावाडी वल्ही थांबवतात. भोंग्यांनी कान किटलेल्या या शहरात नुसत्या गळ्यांवर उभं राहायचं म्हणजे छाती लागते. ती छाती काकूंची!

आणि त्यांनाच बाहेर?

झालं होतं असं. यंदा पाहुणे नावेतून ऐकणार होते, व्हिडिओही निघणार होता. म्हणून मंडळाचे चिटणीस रत्नाकरकाका यांनी रेशमी कुडत्यांतली तरुण मंडळी खाली पाण्याजवळ, तबल्याशेजारी उभी केली. बाराजणींना पार दुसऱ्या टोकाच्या बुरुजावर धाडलं. वर म्हणाले, "काकू, तुमचा मान मोठा! तुम्ही उंचावर!" मोठी माणसं अपमान असाच मानाच्या कागदात गुंडाळून देतात. मुलांना मात्र आत काय आहे ते लगेच दिसतं.

"चला, काकूंना विचारू," ऋता म्हणाली.

काकू घाटावर चष्मा पुसत बसल्या होत्या. पूर ओसरून गेला तरी खालच्या पायऱ्यांवर अजून चिखल होता. माणसं पाइपाने तो धूत होती.

"काकू, तुम्ही भांडत का नाही?"

"कशासाठी गं? नियम माझाच आहे."

तो नियम मंडळात सगळ्यांना पाठ होता. दर हंगामाआधी गुरू मृणालिनीताई गाणाऱ्यांकडे पाठ करून, गंगेकडे तोंड करून ऐकत. कोण गातंय ते दिसायचं नाही. मोठ्या घरचा असो की घाटावरचा, जो लयीत नाही तो बाहेर. हा नियम काकूंनीच केला होता.

"ताईंनी खाली तबल्यापाशी उभं राहून, पाठ करून ऐकलं," काकू म्हणाल्या. "बुरुजावरची रांग द्रुत तराण्यात एक मात्रा मागे, असं त्या म्हणाल्या. एकदा नव्हे, तीनदा. माझ्यासाठी नियम वाकवायचा? मग तो नियम कसला?"

एवढं बोलून त्या हसल्या. पण चष्मा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला. तो आधीच लख्ख होता.

"पण काकू मागे नव्हत्याच!" बाजूला येताच ऋता फणफणली. "मी त्यांना पाणी द्यायला बुरुजावरच उभी होते. तबल्याच्या ठोक्यावर ठोका पडत होता!"

"काहीही! मी खाली यज्ञेशदादाच्या तबल्यापाशी होतो. साफ मागे होत्या!"

"तुझे कान गेलेत!"

"तुझे गेलेत! काकू तुला लाडू देतात म्हणून तू..."

"लाडवाचं नाव काढू नकोस हां!"

"तू खोटं बोलतेयस!"

"मी? कसम से, एकही ठोका चुकला नाही!"

"कसम से, प्रत्येक चुकला!"

बकुळ दोघांच्या मधे बसली होती. तिचं भांडणाकडे लक्षच नव्हतं. ती शेजारच्या घाटाकडे टक लावून पाहत होती. तिथे रामजतन धोबी दगडावर चादरी आपटत होते.

"ए, गंमत बघा ना," ती म्हणाली. "धोबीभैया चादर आपटतात तेव्हा आवाजच येत नाही. चादर परत वर जाते तेव्हा येतो."

"बकुळ, आम्ही इथे महत्त्वाचं बोलतोय!"

"मी पण महत्त्वाचंच बोलतेय! धप्प बघा... आता! आणि आवाज... आता!"

कुणालने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. धप्प. मग आवाज. धप्प. मग आवाज. तो ताडकन उठला आणि पळत सुटला. दोघी त्याच्या मागे. रामजतनच्या शेजारी जाऊन तिघं उभी राहिली. इथे चादर आणि आवाज एकदमच!

"का हो, का भइल?" रामजतन हसले. "चादर चोराय आए हौ का?"

"नाही भैया! आवाज चोर पकड़ रहे हैं!" कुणाल ओरडला. "ऋता, आपण दोघंही खरं बोलत होतो! तू वर होतीस, तुला वरचं बरोबर वाटलं. मी खाली होतो, मला तेच मागे वाटलं. आवाजाला चालत यायला वेळ लागतो!"

"एवढासा घाट! एवढ्याशा अंतरात कितीसा वेळ?"

"मोजू!"

मोजपट्टी कुठून आणणार? पण बनारसच्या मुलाकडे काय नसलं तरी पतंगाची चरखी असते. कुणाल तबल्याच्या जागेवर बसला, बकुळ दोऱ्याचं टोक घेऊन बुरुजावर गेली. वाटेत एक पंडा, घाटावरचा भटजी, त्यात अडकला आणि त्याने तिघांना त्यांच्या सात पिढ्यांसकट सुनावलं. मग तो दोरा घरी नेऊन आईच्या शिवणाच्या टेपने मोजला. एक्कावन्न मीटर!

ऋताने वहीत गणित मांडलं. "आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे तबला वर पोचायला सेकंदाचे शंभरातले पंधरा भाग. काकू तो ऐकून गाणार, आणि त्यांचा आवाज खाली यायला पुन्हा पंधरा. एकूण तीस."

"आणि तराणा मिनिटाला दोनशे मात्रांचा आहे, यज्ञेशदादानेच सांगितलंय. म्हणजे एक मात्रा..." कुणालने बोटं मोजली. "शंभरातले तीसच भाग! बरोब्बर एक मात्रा!"

"म्हणून संथ गाण्यात कुणाला कळलं नाही!"

"मी आधी बघितलं होतं," बकुळने आठवण करून दिली.

तिघं रत्नाकरकाकांकडे धावली. काका आरशासमोर उभे राहून उपरणं कुठल्या खांद्यावर चांगलं दिसतं ते पाहत होते. त्यांनी अर्धं वाक्य ऐकलं.

"धोबी? चादर? गाण्यात धोबी कुठून आला रे? जा, पतंग उडवा. बड़ों के काम में टाँग मत अड़ाओ!"

ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे गणित मांडून उपयोग नसतो. हे मुलांना त्या दिवशी कळलं. काही माणसांना पन्नाशीतही कळत नाही.

"मग त्यांनाच वर पाठवू," ऋता हळूच म्हणाली.

मंडळाचा आणखी एक नियम होता : हंगामात एकदा कुणीही सभासद फेरऐकणी मागू शकतो. ऋता बालविभागाची सभासद होती. शनिवारी सकाळी तालमीला साठ माणसं जमली, तेव्हा ती सरळ मृणालिनीताईंसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, बुरुजावरच्या रांगेची फेरऐकणी हवी."

"कुणी सांगितलं तुला?" ताईंनी कडक आवाजात विचारलं.

"कुणीच नाही. नियमात आहे."

ताईंनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. "आहे खरा." त्या तबल्यापाशी जाऊन गंगेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "तराणाच घेऊ. झाला की मी वळेन. तोवर कुणी नाव घ्यायचं नाही."

इकडे कुणाल रत्नाकरकाकांच्या कानाशी लागला होता. "काका, बाराजणींना कसं गायचं ते एकदा तुम्हीच बुरुजावरून दाखवा ना! तुमची ती अकरा मुलं घेऊन. वर ऊन काय मस्त पडलंय! मी खालून फोटो काढतो, अख्खा बुरूज मागे येईल!"

"अख्खा?" काकांनी उपरणं सारखं केलं. "हो रे, दाखवलंच पाहिजे एकदा. चलो, लड़कों!"

रेशमी कुडते पायऱ्या चढून गेले. ऋताने खुणावलं तशा बाराजणी खाली आल्या. काकू कुजबुजल्या, "ऋता, ही काय लबाडी?"

"काकू, लबाडी नाही. ताईंची पाठ आहे ना इकडे? नियम पुरा आहे!"

काकू तबल्याशेजारी उभ्या राहिल्या. यज्ञेशने थाप मारली.

आणि तराणा सुटला! देशकार रागाचे स्वर, 'तोम तनन'ची झड, तबल्याचा एकेक ठोका आणि त्यावर नेमका पडणारा काकूंचा आवाज. त्र्याहत्तर वर्षांचा तो आवाज! जरासा खरखरीत, पण दगडात रोवलेल्या खुंट्यासारखा पक्का. बाकीच्या अकराजणी त्याला धरून होत्या. चिखल धुणारी माणसं पाइप हातात धरून उभी राहिली, पाणी त्यांच्याच पायांवर वाहत राहिलं. बुरुजावरून रत्नाकरकाका हात उंचावून, मान हलवून गात होते आणि प्रत्येक सम खाली पोचत होती ती... एक मात्रा उशिरा!

तराणा थांबला. ताई मागे न वळताच बोलल्या.

"तबल्याजवळची रांग अप्रतिम! अशी लय मी या घाटावर फार दिवसांनी ऐकली. बुरुजावरची रांग मात्र आजही एक मात्रा मागे. नियमाप्रमाणे बाहेर!"

बकुळने टाळी वाजवली.

ताई वळल्या. समोर काकू! वर रत्नाकरकाका, फोटोसाठी अजून हसत!

"हे काय आहे?" ताई थक्क झाल्या.

"काय झालं? निवडलं ना आम्हाला?" काकांनी वरून ओरडून विचारलं. तेसुद्धा जरा उशिरानेच ऐकू आलं, आणि साठच्या साठ माणसं खो खो हसत सुटली.

मग ऋताने वही उघडली. कुणालने दोरा दाखवला. बकुळने ताईंचा हात धरून त्यांना धोब्याकडे बघायला लावलं. धप्प. मग आवाज. ताईंनी तीनदा बघितलं आणि त्या पायरीवर बसल्या.

"तीस वर्षं गाणं शिकवतेय मी," त्या म्हणाल्या. "आणि कोण किती लांब उभं आहे, हा साधा प्रश्न विचारला नाही. काकू, मला माफ करा." त्यांनी मुलांकडे पाहिलं. "आणि तुम्ही तिघं! कानांवर विश्वास ठेवलात आणि तरीही मोजून बघितलंत. याला म्हणतात रियाज!"

रत्नाकरकाका धापा टाकत खाली आले. त्यांचं उपरणं वरच राहिलं होतं. "मी... मला वाटलं, व्हिडिओत..." त्यांनी मान खाली घातली. मग दारावरचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला. एवढं तरी केलं. पुष्कळ मोठी माणसं तेवढंही करत नाहीत.

काकूंनी मंडळाची जुनी वही मागवली. नियमाच्या पानावर बोट ठेवलं आणि पेन बकुळच्या हातात दिलं.

"लिही. ऐकताना पाठ करायची. पण त्याआधी एकदा डोळे उघडून, कोणाला कुठे उभं केलंय ते बघायचं."

"'उभं' मोठं लिहू?"

"चांगलं मोठं लिही!"

रविवारी सूर्य वर आला तेव्हा बाराजणी तबल्याशेजारी होत्या. नावांची रांग लागली होती. पहिल्या पायरीवर, मानाच्या जागेवर, धुतलेलं पांढरं धोतर नेसून रामजतन बसले होते. निमंत्रण काकूंनी स्वतः जाऊन दिलं होतं.

काकूंनी 'सा' लावला. मागोमाग साठ गळे.

बकुळ बुरुजावर एकटीच बसली होती, रत्नाकरकाकांचं उपरणं डोक्याला गुंडाळून. काकूंचं तोंड उघडलेलं तिला दिसलं. मग, पापणी लवते एवढ्या वेळाने, तो स्वर तिच्यापर्यंत येऊन पोचला.

"आला!" ती म्हणाली.

शेजारच्या घाटावर आज कुणी एकही चादर आपटत नव्हतं.