मुकी डिस्क

"अहो, बाई बोलतच नाहीत!" फोनवर मास्तर जवळजवळ ओरडलेच. "डिस्क घातली, यंत्र सुरू झालं, टुंग वाजलं, आणि पुढे चिडीचूप. उद्या पोरांची परीक्षा आहे हो!"

मास्तरांची शाळा गावातलीच, अंध मुलांची; मास्तर स्वतःही अंध. दाजींनी अशांसाठीच ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधली होती. फुकट वाटायची, वापरणारे मोजकेच. डिस्क घातली की एक बाई बोलू लागते आणि काय करायचं ते सांगत जाते. शाळेला नवी यंत्रं मिळाली, जुनी डिस्क त्यांवर चालेना, म्हणून दाजींनी नवी बांधून पाठवली. ती मुकी निघाली.

दाजींनी मेव्हण्याला बोलावलं. हा डिस्क तपासायचा आणि ज्यात त्यात खोट काढायचा, म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणत. ही डिस्क तेवढी घाईत न तपासताच गेली होती.

दार ताईने उघडलं. गळ्याला स्कार्फ. ऑपरेशनपासून ती खुणांनीच बोले. तिने खुणेनेच चहाचं विचारलं, पण भावाकडे पाहिलं नाही.

"हे कात्रीचंच काम!" दाजी तणतणले. कात्री म्हणजे परगावचा सहकारी, डिस्क आटोपशीर राहावी म्हणून फायली छाटणारा.

शंकासुराने त्याला फोन लावला.

"आवाज तू काढलास?"

"मी कशाला? अर्धी डिस्क रिकामी आहे. जागा लागते तेव्हा छाटतो बाबा, हौस म्हणून नाही."

शंकासुराने पाहिलं. डिस्क खरंच अर्धी रिकामी होती.

"दाजी, पाठवण्याआधी ऐकलीत?"

"यंत्रच ऐकवतं की. बांधून झाली की चाचणी म्हणून पहिली वाक्यं मोठ्यानं वाजवतं. घरभर ऐकू जातात."

"या खेपेला वाजली?"

"मी ऑफिसात होतो. वाजली असतील, असं धरून चाललो."

शंकासुर यंत्रापुढे बसला. आवाज तर गेला होताच, चाचणीही कुणीतरी बंद केली होती. आणि दोन्ही याच यंत्रावरून. त्याने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं.

"बोल ना लेका, कोण?"

"जागा हवी असेल तो नुसता आवाज काढील. शाळेच्या वाईटावर असेल तोही तेवढंच करील. चाचणी कशाला बंद करील? ती वाजते या घरात. कात्रीला ती ऐकूच येत नाही, तुम्ही ऑफिसात. मग ती कुणाला ऐकवत नव्हती? दाजी, डिस्कमधल्या बाई कोण आहेत?"

दाजींनी कप खाली ठेवला. तो आवाज ताईचा होता, ऑपरेशनच्या आधी भरलेला.

ताई दारातच उभी होती. तिने नाकारलं नाही, नुसती रडत राहिली.

"अगं, मला सांगायचंस तरी!" दाजी बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

तिने मोबाइलवर लिहून दाखवलं, 'दर वेळी माझाच आवाज मला ऐकवता. नाही सोसत.'

दुसरा आवाज भरायचा तर आठवडे जाणार, आणि परीक्षा उद्यावर. तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. दाजींनी तो स्पीकरवर टाकला.

"झालं का हो काही? पोरं विचारतायत, बाई आमच्यावर रुसल्या का?"

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

ती यंत्रापुढे बसली. काढलेलं सगळं तिनेच परत घातलं, चाचणीसकट. डिस्क बांधून होत आली तसा दाजींनी आवाज कमी करायला हात नेला. तिने तो धरला.

"घाबरू नका," घरभर ऐकू आलं. "मी आहे ना. मी सांगते तसं करा."

ताई दाजींचा हात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली. तपासणं शंकासुराचं काम होतं. त्याने खूप शोधली, पण खोट सापडेना.

"स्पष्ट येतोय," एवढंच त्याला म्हणता आलं.