हितेंद्रचं तापणारं मशीन

गिरगावातल्या माझ्या गाळ्यात लोक बिघडलेली मशीन, म्हणजे लॅपटॉप, घेऊन येतात, मी कुणाच्या घरी जात नाही. सुभद्राकाकूंच्या घरी गेलो, कारण त्या मशीन दुकानात ठेवून जायला तयारच नव्हत्या. तीनदा बसने लालबागहून आल्या, तीनदा चादरीत गुंडाळून परत घेऊन गेल्या. शेवटी मीच म्हटलं, येतो बाई मी.

हितेंद्र त्यांचा एकुलता एक. घरी बसून पुस्तकं वाचायचा आणि रेकॉर्ड करायचा, तेच त्याचं काम. चार वर्षांपूर्वी काकू भाताच्या लावणीसाठी गावी गेल्या आणि तो इथे तापाने फणफणला. सकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा तो गेलेला होता. माईक आणि या मशीनवरचं रेकॉर्डिंग रात्रभर चालूच राहिलं होतं.

"तेणा माका हाक मारल्यान काय, इतक्याच माका ऐकूचा असा," काकू म्हणाल्या. "एकटो होतो रे तो..."

मी पिशवी उघडली.

तेव्हापासून मशीनचा आतला पंखा फिरत नव्हता. दहा मिनिटांत मशीन तापून आपोआप बंद पडायचं, आणि आता तर विंडोजही सुरू होत नव्हतं. फाईली असतात ती मेमरी बोर्डालाच डकवलेली, सुटी काढायची सोय नाही. एकच उपाय होता, पंखा आणि विंडोज दोन्ही ज्याच्या हुकमाने सुरू होतात तो बोर्डाचा मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोस, अपडेट करायचा. त्याला आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात मशीन बंद पडलं तर बोर्ड कायमचा दगड होतो आणि हितेंद्रचा आवाजही जातो. हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मशीन माझ्यापुढे सरकवलं.

मी झाकण काढलं, धूळ उडवली, त्याची बॅटरी मेलेली होती म्हणून मशीन माझ्या छोट्या यूपीएसवर घेतलं आणि काकूंचा टेबल फॅन अगदी समोर लावला. दुपारचे तीन वाजले होते. मे महिना. खोलीत मसाल्याचा जुना, कोंदट वास होता.

अपडेटचे चाळीस टक्के झाले आणि मीटरपेटीत फट् झालं. फ्यूज उडाला. यूपीएसवर मशीन चालू राहिलं, पण भिंतीच्या प्लगवरचा फॅन थांबला. हा विचार आधी करायला नको होता का? वीस वर्षं हाच धंदा करतोय, आणि अक्कल अशी ऐन वेळी गहाण!

तापमान मोजायच्या गनवर ब्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. शंभरला सगळा खेळ खलास.

काकू उठल्या. कोलन वॉटरची बाटली आणि भिजवलेली घडी घेऊन आल्या. ताप चढलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी ती घडी त्या बोर्डावर ठेवायला निघाल्या.

"काकू, पाणी नको!" मी त्यांचा हात धरला.

"मग काय करू? ह्या खेपेकय नुसती बघत बसू?"

कोपऱ्यात धान्य पाखडायचं सूप होतं. ते दिलं हातात. काकू वारा घालू लागल्या. सप्... सप्... गन शहाण्णववर. सप्... त्र्याण्णव. मला बरं वाटलं. मग सत्तर. मग अडतीस.

बाहेर पस्तीस अंश असताना सुपाच्या वाऱ्याने अर्ध्या मिनिटात एवढं होत नाही. मी गन भिंतीवर धरून पाहिली, ठीक होती. बोट लावलं. बोर्ड ओलसर लागला, माणसाच्या कपाळासारखा. मी बोट शर्टाला पुसलं.

अपडेट पूर्ण झाला. आतला पंखा फिरला. त्या रात्रीची फाईल सापडली, मी ती लावली.

आधी कण्हणं होतं. काकूंनी पदर तोंडात धरला. मग तो "आये..." म्हणाला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. त्या हमसून हमसून रडत होत्या. मग त्याच्या आवाजामागे काहीतरी ऐकू आलं. सप्... सप्...

"पुरे गे आये," हितेंद्र म्हणाला. "आता बरा वाटता... हात दुखतले तुझे."

काकू रडायच्या थांबल्या. "मी तुझ्याजवळ नव्हतंय रे..." त्या पुटपुटल्या.

स्पीकरमधून थोडा वेळ नुसता श्वास आला. मग तो म्हणाला, "आये... तुझ्या बाजूक ह्यो कोण बसलो हा?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे वळून, झोपलेल्या माणसाशी बोलावं इतक्या हळू म्हणाल्या, "यशोधन तो. तुझा मशीन दुरुस्त करूक इलो हा."

"बरा," स्पीकरमधून आलं.

पुढे तो बोलला नाही. त्यानंतर पाऊण तास फाईलमध्ये फक्त त्याचा श्वास होता, आधी जड, मग हळू. मी बंद करायला हात पुढे केला, तो काकूंनी धरला. श्वास थांबेपर्यंत आम्ही दोघंही जागचे उठलो नाही.