वारा कुठे सरळ वाहतो?

ईश्वरीला एक कोडं पडलं होतं. सोंडेवाडीत विमान नव्हतं, विमानतळ तर नव्हताच. तरीही सरकारनं गावाला विजेच्या विमानासाठी निधी दिला होता, आणि तोही फक्त विचार करायला!

"बाजारात तुरी, भट भटणीला मारी!" लाँच चालवणारे तात्या ग्रामसभेत म्हणाले आणि सगळे खो खो हसले.

ईश्वरी मात्र हसली नाही. सोंडेवाडीला तिन्ही बाजूंनी धरणाचं पाणी. तिच्या आबांना, म्हणजे आजोबांना, रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून दोनदा तालुक्याला न्यावं लागे. दीड तास लाँच, मग एसटी. बाबांनी सांगून टाकलं होतं, "काही सोय झाली नाही, तर मे महिन्यात घराला कुलूप लावून शहरात जायचं." ते ऐकल्यापासून आबांचं हसणंच गेलं होतं. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या घरातून ते एकदा उठले होते. त्या घराच्या उंबऱ्यावरची खाच अजून त्यांच्या बोटांना आठवायची.

जिल्ह्याहून आलेल्या शमाताई बागवान तात्यांना म्हणाल्या, "तुरी बाजारात आल्यात, तात्या. पण चूल कुठे मांडायची हेच ठरलं नसेल, तर आमटी शिजेल का? विमान उतरणार कुठे, त्याची बॅटरी भरायला वीज कुठून येणार, आवाजानं कुणाची गुरं बुजणार? हे आधी शोधावं लागतं. निधी त्या शोधासाठी आहे. महिनाअखेर आराखडा द्यायचा. जागा सापडली नाही, तर गावाचं नाव यादीतून जाईल."

शोधाच्या कामाला त्यांनी एक यंत्रमानव आणला होता. तीन लांब पाय, वर वारा मोजणारी फिरती वाटी. त्याला पाहून आबा कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, ही तर उफणायची तिवई! हिच्यावर उभं राहून आम्ही सुपातलं धान्य वाऱ्यावर सोडायचो, भुसा उडून जायला." झालं, गावानं त्याचं नाव तिवई ठेवलं.

गावानं एकमतानं वरचा माळ दाखवला. विमान म्हणजे लांबलचक धावपट्टी हवी, असंच सगळ्यांना वाटत होतं. तिवई तिथे आठ दिवस उभी राहिली आणि म्हणाली, "जागा अयोग्य. येथे विक्षोभ (वाऱ्याची घुसळण) आहे."

"म्हणजे काय गं?" ईश्वरीनं विचारलं.

"ओढ्यातल्या दगडामागे पाणी गरगरतं, पाहिलंस ना?" शमाताई म्हणाल्या. "तसाच डोंगराआड वारा गरगरतो. आपलं विमान पंख्यांच्या जोरावर सरळ खाली उतरतं, त्याला लांब माळ लागतच नाही. लागतो एकाच दिशेनं येणारा वारा, त्याला तोंड देऊनच ते उतरतं. गरगरत्या वाऱ्याशी झुंजताना बॅटरी भराभर संपते. मग परत जायचं कशावर?"

ईश्वरीचा चेहरा पडला. घरी येऊन तिनं सगळं आबांना सांगितलं.

"माळावर?" आबा उठून बसले. "अगं, तिथं कुणी कधी उफणलंय का? दाणे खाली आणि भुसा डोळ्यांत! उफणायला सरळ वारं लागतं. आम्ही खिंडीसमोरच्या खळ्यावर जायचो. मळणीयंत्र आलं आणि खळं विसरलं गेलं."

ईश्वरी थबकली. सरळ वारं! तिनं गोठ्यातून पिशवीभर भुसा घेतला आणि माळावर धावली. हात उंच करून मूठ सोडली, तर सगळा भुसा फिरून तिच्याच तोंडावर! तशीच शिंकत ती खळ्यावर गेली. पुन्हा मूठ सोडली. भुसा एका रेषेत पूर्वेकडे गेला. दहा मुठी सोडल्या, दहाही एकाच वाटेनं.

ती शमाताईंचा हात धरून त्यांना तिथे घेऊन आली. मागून काठी टेकत आबाही आले, आणि गंमत बघायला तात्या.

"एवढंसं खळं?" तात्यांनी टोमणा मारला. "इथं माझी लाँचसुद्धा मावायची नाही!"

"विमान मावेल," पावलांनी जागा मोजत शमाताई म्हणाल्या. "पण दहा मुठी पुरेशा नाहीत, ईश्वरी. तिवईला पंधरा दिवस राहू दे."

पंधराव्या दिवशी सगळे खळ्यावर जमले. तिवई म्हणाली, "वारा पश्चिमेकडून, स्थिर. जागा योग्य."

शमाताईंनी नकाशावर खळ्याभोवती गोल काढला. "विजेचं आणि आवाजाचं काम बाकी आहे. आराखडा मंजूर झाला, तर चाचणीची उड्डाणं पुढच्या हिवाळ्यात. पहिली फेरी रुग्णांची."

बाबा पुढे आले. "तोवर आबांचं कसं?"

"का? माझी लाँच बुडाली काय?" तात्या उसळले. "एक वर्ष मी नेतो त्यांना. खास फेरी, वेळेवर! कुलूप ठेवा घरात."

बाबांनी आबांकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली.

आबा तिवईजवळ गेले. तिच्या पायावर थाप मारून म्हणाले, "झकास उभी आहेस. हातात सूप तेवढं नाही."

मग त्यांनी रिकाम्या आभाळाकडे बोट केलं. "इशू, विमान येणार कुठल्या बाजूनं?"

ईश्वरीनं पिशवीत उरलेली भुशाची मूठ वाऱ्यावर सोडली आणि भुसा कुठे जातो ते पाहिलं.

"पूर्वेकडून, आबा. वाऱ्याला तोंड देऊन."