तिसऱ्या आवाजाचं नाव

लातूर जिल्हा झाला तेव्हा आधी पाट्या आल्या, मग साहेब आले, मग जुन्या जिल्ह्याहून ट्रक भरभरून दप्तरं आली. पाणी आलं नाही. अधिसूचनेत त्याचा उल्लेख नव्हता. त्या वर्षांत गंजगोलाईच्या बाजाराला लागून असलेल्या एका कापडदुकानाच्या माडीवर दर रविवारी दुपारी तीन माणसं परदेशी मुलींची गाणी ऐकत बसत. जिल्ह्याच्या कोणत्याही इतिहासात ही गोष्ट येणार नाही, म्हणून ती येथे नोंदवते.

दुकान बसलिंगप्पांचं. कपाळावर भस्म, सदऱ्याआड गळ्यातलं इष्टलिंग, आणि साठच्या दशकात तिघी-तिघींनी मिळून गायलेल्या पॉप गाण्यांवर जवळजवळ तितकीच निष्ठा. दुसरे हणमंतराव, नव्या कचेरीत कारकून. जुन्या जिल्ह्याच्या जमिनींवरची नावं नव्या जिल्ह्याच्या दप्तरात चढवणं हे त्यांचं सहा दिवसांचं काम. तिसरे धोंडप्पा. त्यांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. लग्नात, निवडणुकीत आणि सप्ताहात त्यांचाच भोंगा वाजे, आणि आपल्या कानाची तारीफ ते स्वतःच करत. मी नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवते. या मंडळाची मी पत्राने झालेली सभासद.

त्यांचं ज्ञान खरं होतं, हे मान्य केलं पाहिजे. कोणत्या गाण्यातल्या टाळ्या हातांच्या आणि कोणत्या लाकडी फळ्यांच्या. कोणता घुमणारा आवाज जिन्यात ध्वनिक्षेपक ठेवून मिळवलेला. कोणत्या वेष्टनावर फोटो काही मुलींचा आणि आत गळे भलत्याच मुलींचे. हे सगळं ते सायक्लोस्टाइल पत्रकातून एकमेकांना आणि परगावच्या आम्हा चार-दोघांना कळवत. एका पत्रकात मी लिहिलं होतं की या मुलींचे आवाज कंपन्यांनी निनावी विकले, आणि निनावी आवाज हा चोरीचा माल असतो. ते वाक्य मंडळाला फार आवडलं. त्यावरून त्यांनी एक रीत पाडली.

रीत अशी. जिच्यावर गायिकांची नावं नाहीत अशी तबकडी आली की तिघांनी डोळे मिटून ऐकायची. एकेक गळा सुटा करायचा. चौकशी करायची, पत्रं धाडायची. तिघांचंही एकमत झालं की बसलिंगप्पा वेष्टनावर शाईने त्या बाईचं नाव लिहीत. हणमंतराव त्याला कचेरीच्या भाषेत ‘नाव चढवणं’ म्हणत. त्यानंतर पेढा.

अमेरिकेतल्या मुलींची नावं चढली तेव्हा काय झालं ते मला ठाऊक नाही. कोण कळवणार?

मग बसलिंगप्पांना हैदराबादच्या जुन्या बाजारात एक लहान तबकडी सापडली. कंपनी सिकंदराबादची, कधीच बुडालेली. गाणं मराठी, चाल आणि टाळ्या मात्र पुऱ्या परदेशी वळणाच्या: ‘फाटक बंद होण्याआधी’. गायिका: द हॉस्टेल सिस्टर्स. वर्ष चौसष्ट. नाव एकीचंही नाही.

त्यांना शोध लावावा लागला, मला नाही. तिथल्या मिशनच्या नर्सिंग हॉस्टेलात तीन मुली एका खोलीत राहत होत्या. उदगीरच्या व्यापाऱ्याची, घरच्यांशी भांडून आलेली शिवकांता. देगलूरची नागम्मा. आणि माझी थोरली बहीण चांगुणा. छपन्न साली वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर आमच्या घरात दोन गोष्टींना मान होता, पुस्तक आणि पांढरा गणवेश. पुस्तक माझ्या वाट्याला आलं. हॉस्टेलात मेट्रनचा ग्रामोफोन होता. त्यावरून तिघी तीन पट्ट्यांत गायला शिकल्या. शिवकांता वरचा आवाज, नागम्मा मधला, अक्का खालचा. गाणं एकदाच ध्वनिमुद्रित झालं. अक्का त्याविषयी कधी बोलली नाही.

दिवाळीच्या पत्रकात आलं, की वरच्या आवाजाची ओळख पटली, शिवकांता, उदगीर. संक्रांतीनंतरच्या पत्रकात नागम्माचं नाव आलं. खाली धोंडप्पांची टीप होती. नावं चढल्यापासून तबकडीची खरखर कमी झाली आहे, हे कसं घडलं ते जाणकारांनी कळवावं.

अक्काने पत्रक वाचून घडी घातली.

“शिवकांताचा आवाज गेला म्हणं,” ती म्हणाली. “तिची जाऊ सांगत व्हती. दिवाळीपासून. आता नागम्माचा बी.”

“धूळ आहे, अक्का. दोन्ही जिल्ह्यांचे घसे बसलेत.”

“घसा बसला की खरखर ऱ्हाती, बायडे. मी ईस वर्सं वार्डात हाय. ह्या दोघींची नुसती तोंडं हालून राहिलीत. डाक्टर म्हनतो आत समदं ठीक हाय. त्या लातूरकरांना सांग, माझं नाव नगं म्हणावं.”

“अंधश्रद्धा आहे ही.”

“हाव. आसंल. तरी सांग.”

अक्काचा आवाज काय होता ते सांगणं भाग आहे. विष्णुपुरीला धरणाचं बांधकाम चाललं होतं आणि आमच्या गल्लीत दोन दिवसांआड टँकर येत होता. टँकरभोवती मारामारी व्हायची ती अक्का घरी नसेल तेव्हाच. ती असली की उंबऱ्यावरूनच म्हणे, “गुणाबाई, ती घागर मागं घे. बाळंतिणीची पुढं येऊ दे,” आणि घागर मागे जाई. ओरडत ती कधीच नसे. वॉर्डातही तसंच. शुद्धीवर येणारे लोक आधी तिचा आवाज ओळखत, मग स्वतःचं नाव.

चैत्रातल्या एका रविवारी मी लातूरला गेले. लोह्यापर्यंत एसटीच्या खिडकीबाहेर जनावरांच्या छावण्या, पुढे तेवढ्याही नाहीत. माडीवर मला तक्क्याशी बसवलं आणि पितळी पेल्यात अर्धा पेला पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात तो मोठा सत्कार होता.

“मॅडम, तिसरं नाव आमच्या ओठावर हाय,” बसलिंगप्पा म्हणाले. “फक्त पटायचं ऱ्हायलंय.”

मी शिवकांताविषयी सांगितलं. नागम्माविषयी सांगितलं. तिघांनी सभ्यपणे ऐकून घेतलं.

“लई वाईट झालं,” हणमंतराव म्हणाले. “बरं झालं, येळेवर रेकार्ड सापडली. न्हाईतर काय ऱ्हायलं असतं त्यांचं?”

“ती दोन नावं खोडा.”

“चढलेलं नाव खोडता येत न्हाई, मॅडम. वारस दाखवावा लागतो.” ते आपल्याच विनोदावर हसले.

“तिसरं चढवू नका. तो आवाज माझ्या बहिणीचा नाही.”

बसलिंगप्पांना खरोखर वाईट वाटलं. “तुमीच लिव्हलं व्हतं, निनावी आवाज म्हंजी चोरीचा माल. आमी त्येच करून राहिलो की.”

यावर मला बरंच बोलायचं होतं, आणि मी बोलले. नाव देणं आणि नाव घेणं यांत भेद असतो. जिचं नाव तिला विचारलं पाहिजे. तिघा पुरुषांच्या एकमताला पुरावा म्हणत नाहीत. आज पुन्हा तपासून पाहिलं तरी त्या युक्तिवादात मला एकही कच्चा दुवा सापडत नाही. माझा आवाज चढला नाही. मला राग येतो तेव्हा तो खाली उतरतो.

धोंडप्पांनी डोळे मिटले होते.

“थांबा,” ते म्हणाले. “मॅडम, जरा ‘नाही’ म्हणा परत.”

“नाही.”

त्यांनी डोळे न उघडताच सुई ठेवली. टाळ्या. वरून शिवकांता, तिच्या पाठोपाठ नागम्मा. मग दोघींच्या पायाशी अंथरल्यासारखा तिसरा आवाज आला. वीस वर्षांची चांगुणा, थेट माझ्याच गळ्यातून निघावी तशी.

“घरचाच गळा हाय,” धोंडप्पा म्हणाले. “आयच्यान सांगतो, बहीणच.”

“हाव,” हणमंतराव म्हणाले.

मी वेष्टन ओढायला हात पुढे केला. बसलिंगप्पांनी तो नम्रपणे बाजूला सारला. बाईच्या अंगाला हात लागल्याबद्दल माफी मागितली आणि शाईची दौत उघडली.

मी परतले तेव्हा अजून उजेड होता. गल्लीत टँकर उभा होता. अक्का उंबऱ्यावर हात वर करून उभी होती. तिचं तोंड हलत होतं. बाया तिच्या समोरून जात होत्या, तिच्याकडे पाठ करून, घागरी एकमेकींवर आपटत. गुणाबाईने बाळंतिणीची घागर पायाने सरकवली. अक्काचं तोंड पुन्हा हललं. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहायची कुणाला सवयच नव्हती. तिला नेहमी ऐकलं जाई.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. आत सगळं ठीक होतं.

तिला वॉर्डातून काढून चादरींच्या कोठीत बसवलं. हे करणारी माणसं वाईट नव्हती. मी पाटी आणून दिली. तिने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावर कधी एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळी मी घरी आले की ती स्वयंपाकघरातून डोकावायची. ओठ हलायचे. मी मान डोलवायची. हळूहळू ओठही हलेनासे झाले, आणि तिच्या तोंडावर ते सुटलेपण आलं जे मी तिच्याच वॉर्डात, वाचण्यापलीकडे गेलेल्या रोग्यांच्या तोंडावर पाहिलं होतं. आवाजाबरोबर आणखी काही जात होतं. रोज थोडं.

वैशाखात मी तबकडी मोडायची ठरवली. दोन्ही हातांनी दुमडली की काम होतं. त्याचा परिणाम काय होईल हे मला माहीत नव्हतं. पण आहे ते चालू द्यावं असा कोणताही सिद्धांत माझ्याजवळ उरला नव्हता.

बसलिंगप्पा मला पाहून आनंदले. “बरं आलात. पहिल्यापेक्षा लई सुधारली हाय. ऐका तर आधी.”

मला ऐकायचं नव्हतं. सुई ठेवलेली होती.

आता खरखर मुळीच नव्हती. तिघी माडीवरच्या कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्या राहून गाताहेत, इतका स्वच्छ आवाज होता. गाणं संपलं. सुई शेवटच्या कोऱ्या पट्टीवर गेली. तिथे क्रमांकाशिवाय काही कोरलेलं नसतं.

कुणीतरी श्वास घेतला.

“बायडे, आलीस का? पाय धू नगं. टँकर आला न्हाई.”

हा वीस वर्षांच्या मुलीचा आवाज नव्हता. चाळिशीतला, ड्यूटीवरून आलेला, दमलेला आवाज होता.

माझे हात मांडीवर तसेच राहिले.

“हे मागल्या रविवारपासून येतंय,” धोंडप्पा कुजबुजले. “स्टुडिओतलं बोलणं. चुकून घेतलं गेलं आसंल. लई दुर्मिळ.”

“चौसष्ट साली सिकंदराबादला टँकर?” हणमंतरावांनी शंका काढली.

“मिल्ट्रीचा आसंल.”

“मग तशी टीप टाकू.”

बसलिंगप्पांनी सुई पुन्हा पट्टीच्या तोंडाशी आणली.

“बायडे,” अक्का म्हणाली. “दिवा लाव. मला दिसंना.”

हे मागच्या खेपेला नव्हतं. तिघांनाही ते जाणवलं असावं, कारण कुणी कुणाकडे पाहिलं नाही. बसलिंगप्पांनी सुई उचलली, तबकडी वेष्टनात सरकवली, वेष्टन मांडीवर घेतलं. त्यावर तीन नावं होती. चौथ्यापुरती जागा कोरी होती.

त्यांनी माझ्याकडे वळून आदराने विचारलं, “मॅडम, ही बायडी कोण?”

हणमंतराव आणि धोंडप्पा डोळे मिटून वाट पाहत होते.

मी उठले. चपला घातल्या. जिना उतरले. मागून कुणी हाक मारली नाही.

नांदेडच्या गाडीत कंडक्टरने, कुठं जायचं, म्हणून विचारलं. मी ओठ न उघडता काचेवरच्या पाटीकडे बोट केलं.