शेवटच्या माणसाच्या मागे

डोंगर माणसाला त्याची खरी ओळख करून देतो, हे वाक्य अंबरनाथच्या 'पाऊलखूण मंडळा'च्या सायक्लोस्टाइल पत्रकावर सर्वांत वर असे. त्याखाली लगेच ताट, वाटी आणि प्रत्येकी दोन कांदे आणण्याची सूचना असे. मंडळाच्या पाच वर्षांत कांदे बहुतेकांनी आणले. खरी ओळख कोणाची झाल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

शालन घरत आपले दोन कांदे घेऊन मंडळात आली ती नव्वद सालच्या जुलैत. आनंदनगरच्या एमआयडीसीत मलमाच्या ट्यूब भरणारी एक कंपनी होती, तिच्या लॅबमध्ये ती नोकरीला होती. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सिंधी लाजवंतीने तिला कोंडेश्वरच्या सहलीला ओढत नेलं आणि पहिल्या चढावर स्वतः पुढे निघून गेली. तेवढ्यात शालनच्या बुटाची लेस तुटली. ती दगडावर बसून गाठ मारायला लागली. सगळे पुढे गेले. एक उंच, चष्मेवाला तरुण मात्र चार पावलांवर थांबून अतिशय गंभीरपणे एका सागाच्या झाडाकडे बघत होता.

"तुम्ही जा ना पुढे," शालन म्हणाली.

"जाता येत नाही."

"का?"

"मी शेपूट आहे," तो म्हणाला.

कुठल्याही तरुणाने कुठल्याही तरुणीला पहिल्या भेटीत सांगावं असं हे वाक्य नाही. पण गुरुदत्त नेरुरकरने ते इतक्या सरळपणे सांगितलं, की शालनला हसूही आलं नाही. घरी गेल्यावर आलं. मग आठवडाभर मधूनमधून येत राहिलं...

शेपूट हे मंडळातलं मानाचं, निदान जबाबदारीचं पद होतं. मंडळाचे लीडर हरिचंद्र भोईर, म्हणजे सगळ्यांचे भोईरकाका, हा माणूस शिस्तीचा. सहलीच्या आदल्या दिवशी ते रजा टाकून एकटे सगळी वाट चालून येत आणि जिथे जिथे फाटा फुटतो तिथे गुलाबी कागदाचा बाण दगडाखाली ठेवत. दुसऱ्या दिवशी मंडळी बाण बघत चालत. शेपटाचं काम एवढंच, की सर्वांत शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, त्याच्या पुढे कदापि जायचं नाही आणि मागचे बाण उचलत यायचं. जंगलात कचरा राहू नये म्हणून.

कोंडेश्वर धरून पहिल्या सात सहलींत शेवटचा माणूस शालन होती आणि शेपूट गुरुदत्त. ती चाले, थांबे, लेस बांधे. तो थांबे, झाड बघे. तिची पाण्याची बाटली कधी त्याच्या पिशवीत गेली हे दोघांनाही सांगता आलं नसतं. करवंदीच्या जाळीत तिची ओढणी अडकली की तो ती काट्या-काट्यातून सोडवी, आपल्या नोकरीतल्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंग पेपर हाताळावा तशी, आणि तेवढा वेळ तिला श्वास घ्यायचं लक्षात राहत नसे.

"घरत मॅडम, घाई नाही," तो म्हणे.

"तुम्हाला कंटाळा येत असेल ना माझ्या मागे?"

"कामच आहे."

हे 'कामच आहे' शालनला रात्रभर पुरत असे.

"अरी, वो तेरे पीछे चलता है," लाजवंती लॅबमध्ये म्हणे, "पूरा अंबरनाथ बघतंय. तू विचार ना त्याला!"

"ड्यूटीच आहे त्याची."

"ड्यूटी में कोई इतना लाल होता है? कान बघ त्याचे!"

फेब्रुवारीत मात्र विचारणं भाग पडलं. शालनचे वडील शहाडच्या एका कारखान्यात शिफ्टला जात. तिथल्या कोणाच्या तरी ओळखीने नाशिकचं स्थळ आलं होतं. पुढच्या रविवारी ते लोक उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पातल्या घरी, बघायला येणार होते. मुलगा बँकेत होता. फोटोत त्याने टाय लावला होता. तिला नापसंत करण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं, आणि कारण नसताना नाही म्हणायची घरत कुटुंबात पद्धत नव्हती. म्हणजे तिला कारण हवं होतं. ते मिळण्यासारखी एकच जागा होती आणि तिथे पोचायला एकच सहल उरली होती.

ती सहल चंदेरी किल्ल्याच्या पायथ्याच्या पठारावर, मुक्कामाची. एकूण माणसं तेहतीस. पळस फुलले होते, वाटेवर पाचोळा वाजत होता. अकराच्या सुमाराला मंडळी पुढच्या वळणाआड गेली, आणि शालनने त्या दिवसातली पाचवी लेस बांधली.

"नेरुरकर..."

"हं?"

"पुढच्या महिन्यात मी नसेन बहुतेक."

"का? पाय दुखतात?"

"नाही. पुढच्या रविवारी मला बघायला येणार आहेत. नाशिकचे."

मागे पाचोळा वाजायचा थांबला. शालन वळली नाही. आता — आता काहीतरी येणार. तिने लेसची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"नाशिक चांगलं आहे," गुरुदत्त म्हणाला. "हवा कोरडी आहे."

शालन उठली.

"द्राक्षंही मिळतात," तो म्हणाला.

आणि शालन चालायला लागली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मंडळात लाजवंतीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. शालनचं आजोळ बारवी धरणाच्या बाजूचं. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिने गोदूबाई आजीच्या मागे डोंगर चढण्यात घालवल्या होत्या, आणि गोदूबाई कोणासाठी थांबत नसे. डोंगर शालनच्या पायांत होता. सात सहली तिने तो मोठ्या कष्टाने दाबून ठेवला होता. आता ठेवला नाही.

ती चढ चढली, दरड उतरली, कारवीतून सरळ घुसली. मागे गुरुदत्त धावत होता, वाकून बाण उचलत होता, पुन्हा धावत होता. उजव्या हाताला खालून ओढ्याच्या बाजूने कसला तरी गलका ऐकू आला.

"माणसं आहेत का?" त्याने धापा टाकत विचारलं.

"माकडं असतील," शालन न थांबता म्हणाली. त्या क्षणी तिचं माणसांविषयीचं मत फारसं वेगळं नव्हतं.

पठारावर पोचली तेव्हा ती घामाघूम होती आणि राग अर्धा उतरला होता. भोईरकाकांनी काल मांडून ठेवलेली तीन दगडांची चूल होती. शेवटचा बाण होता. गुरुदत्त आला, बाण उचलला, आणि चुलीच्या दगडावर मटकन बसला.

"तुम्हाला... एवढं चालता येतं?"

"येतं."

"मग सात सहली..."

"लेस सैल होती," शालन म्हणाली. मग म्हणाली, "नव्हती."

त्याने चष्मा काढला, पुसला. चष्म्याशिवाय तो फारच निराधार दिसत होता.

"शेपूट पाळीने असतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दर सहलीला वेगळा माणूस. माझी पाळी एकदाच होती, कोंडेश्वरला. बाकीच्या सहा आणि ही आजची मी... बदलून घेतल्या."

"कशाच्या बदल्यात?"

"भांडी." त्याने खाली बघितलं. "ज्याची पाळी असेल त्याची भांडी मी घासायची. खिचडीचा टोप सोडून, असं मी म्हणत होतो. ऐकलं नाही कोणी."

शालनला तो टोप आठवला. तेहतीस माणसांच्या खिचडीचा, बुडाला करपलेला टोप; ओढ्याकाठी त्यात जवळजवळ आत शिरून, राखेने, काथ्याने घासणारी एक उंच पाठ तिने सहाही वेळा बघितली होती आणि किती सेवाभावी माणूस आहे, असं मनात म्हटलं होतं.

"मग नाशिकची हवा कशाला काढलीस मेल्या?" ती म्हणाली. 'तुम्ही' वाटेत कुठेतरी पडलं होतं.

"मला दुसरं काही सुचेना. वाटलं, बँकेतला असेल..."

"बँकेतलाच आहे."

"बघ."

"टोप घासेल का तो?"

"विचारून बघ," गुरुदत्त म्हणाला. मग एकदम, घाईने, "नको, विचारू नकोस. मी घासेन. कायम. म्हणजे — तुझी हरकत नसेल तर... मला तू हवी आहेस."

वारा आला, पळसाचं एक फूल चुलीत पडलं. शालनने हात पुढे केला. त्याने धरायला म्हणून आपला पुढे केला, तर त्यात गुलाबी कागदांचा हा एवढा गठ्ठा. दोघांनी गठ्ठ्याकडे बघितलं. मग रिकाम्या पठाराकडे. मग एकमेकांकडे.

"सगळे कुठे आहेत?" शालनने विचारलं.

उत्तर लाकडाची मोळी घेऊन खालून आलं. जवळच्या वाडीवरची पुतळी, वयाने साठीची, मोळी उतरवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ती तुमचीच मानसा का? खाली वढ्याला? जेवली न् वर आली, मंग वाटच घावना त्यांना. दोनदा माज्या घरावरना गेली. दर टायमाला पानी मागतान."

"किती जणं आहेत?" गुरुदत्तने क्षीणपणे विचारलं.

"लय. म्होरं शिट्टीवाला हाय. तो सांगतो, बान होते, बान होते." पुतळीने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "न् तुमी दोगाच हिकडं कवाधरना?"

गुरुदत्तने गुलाबी गठ्ठा पाठीमागे लपवला.

पुतळीने जवळची वाट दाखवली. ओढ्याकाठी एकतीस माणसं बसली होती; काही जण तर पुन्हा भाकरी सोडून. मधोमध भोईरकाका उभे. स्वतःच बाण लावल्यामुळे वाट लक्षात ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"नेरुरकर, बाण कोणी उचलले?"

"मी, काका."

"शेपटाचा नियम काय आहे?"

"शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं."

"राहिला होतात?"

"एक क्षणही सोडलं नाही, काका. शेवटचा माणूस पुढे गेला."

एकतीस माणसं शालनकडे बघायला लागली.

"घरत पुढे गेली?" भोईरकाकांना हे पटेना. "ही? हिला चालता कुठे येतं? का गेलीस गं पुढे?"

शालनने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. गुरुदत्तने घसा साफ केला.

"मी नाशिकची हवा चांगली आहे म्हणालो," तो म्हणाला. "ते चुकीचं होतं. मी यांच्याशी लग्न करणार आहे. यांनी हो म्हटलंय. म्हणजे — म्हणायच्या बेतात होत्या, तेवढ्यात बाण दिसले."

"हो," शालन म्हणाली. मोठ्याने म्हणाली.

"साई!" लाजवंती दगडावर उभी राहून ओरडली. "मैं बोली थी ना! कान बघा, कान बघा त्याचे!"

तेहतीस माणसांच्या मंडळात चर्चेला तोटा नव्हता. बाण उचलायचे की तसेच ठेवायचे यावर तिथेच वाद सुरू झाला, आणि तो संपेपर्यंत ऊन कलायला लागलं. मग पुतळी पुढे चालली आणि मंडळ तिच्या मागून मुकाट्याने पठारावर गेलं.

नाशिकला कारण कळवायचं काम उरलं होतं. ते भोईरकाकांनी अंगावर घेतलं. ते घरतांच्याच जातीतले, वयाने मोठे. बुधवारी संध्याकाळी ते चार नंबरच्या घरी जाऊन पाटावर बसले. शालन आतल्या दाराशी उभी होती. नाशिक की नेरुरकर, हे आता त्या बाहेरच्या खोलीत ठरणार होतं.

"मुलगा जबाबदार आहे," भोईरकाका म्हणाले. "एकतीस माणसं हरवली, पण एक बाण मागे सोडला नाही."

"आपल्यातला नाही, दादा," वडील म्हणाले.

"भांडी घासतो, घरत. पंचवीस किलोचा टोप. आपल्यातला एक दाखव मला."

आतून आईचा आवाज आला, "चहा टाकू की मुलाला बोलवताय? म्हणजे एकदमच टाकेन."

मुलगा गल्लीच्या तोंडाशी, सिंध्याच्या दुकानासमोर दोन तास उभा होता. तो आला. चहा झाल्यावर कप उचलून मोरीकडे निघाला, तेव्हा वडिलांनी त्याला बसायला सांगितलं आणि पत्रिकेचं विचारलं.

लग्न मे महिन्यात बदलापूरला झालं. पंगतीला मंडळाची सगळी माणसं होती, पुतळीही होती. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेली ती माथेरानला. नेरळहून वर टॅक्सीने गेली.