जाहिरातीतला नंबर

शेंदूरजनाघाटला रागिणी आणि मनोजची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. कलमं जोमदार, पण गिऱ्हाईक रस्त्यावरच्या मोठ्या पाट्यांच्या नर्सऱ्यांकडेच वळायचं. म्हणून रागिणीनं अकोल्याचा अश्विन मार्केटिंगला ठेवला. काम त्यानं घरूनच करायचं. जाहिरातीत नंबर त्याचा. चौकशीचे फोन तो घेणार आणि खरोखर कलमं घेणाऱ्यांची नावं तिला पाठवणार.

"तोंड न पायता मानूस कामावर ठेवला?" मनोज म्हणाला.

"सोयरीक थोडीच जोडाची हाये," रागिणी म्हणाली.

तिला स्वतःला फोन घेणं व्हायचं नाही, ते आचलमुळं. पोर चार वर्षांची झाली, पण अजून एक शब्द बोलली नव्हती. अमरावतीच्या डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला. सगळं ठीक, वाट पाहा म्हणाले. रागिणी तिला मांडीवर घेऊन दिवसभर बोलायची आणि मधे थोडी जागा सोडायची. उत्तरापुरती.

गिऱ्हाईक येऊ लागलं. चांदूर रेल्वेचे किसनराव कलमं ट्रॅक्टरमध्ये भरून झाल्यावर आचलपुढं वाकले.

"काहून वं माय, फोनवर तं लय टुरटुर बोलत होती. आता लाजली काय?"

"दुसऱ्या कोनाचं लेकरू असंल, काका."

"नाव तं आचलच सांगतलं तिनं."

मग वरूडच्या पार्बताबाई आल्या. "मांजरीचे पिल्लं दाखव वं. तूच तं सांगतलं, शेडनेटच्या मांगं हायेत म्हनून."

शेडनेटमागच्या रिकाम्या क्रेटमध्ये तीन पिल्लं होती. डोळे अजून मिटलेले. रागिणीला पत्ताच नव्हता.

तिनं अश्विनला विचारलं, तुमच्या घरी लहान मूल आहे का? त्याचा मेसेज आला, 'नाही ताई, मी एकटाच राहतो. गिऱ्हाईकाचा फोन उचलला की लाइनवर आधी आचल बोलते, मग मी. तुमच्या घरूनच बोलते ना?'

"बंद कर हे," मनोज म्हणाला. "आताच्या आता."

आचल मांडीवर पाठमोरी बसली होती. रागिणीनं जाहिरातीतला नंबर लावला.

"हॅलो, कोन बोलते?"

बारीक, स्वच्छ आवाज. रागिणी काय सांगायला निघाली होती, तेच विसरली.

"मी... आई."

"आई तं इथंच हाये." आवाज हसला. "मले न्हाऊ घालून रायली. मंग करा फोन."

फोन कटला.

"सांगतलं त्याले?" मनोजनं दारातून विचारलं.

रागिणीनं खाली पाहिलं. मांडीवरचं लुगडं ओलं होत होतं.

आचलच्या केसांतून कोमट पाणी टपकत होतं.